आढळून येत नाही

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एक म्हातारा टेबलापाशी वाकून उभा होता. खांद्यावर दुपट्टा, हातात पन्नी, पन्नीत चार घड्या घातलेला कागद. "हे वाचून सांगा जी बाबू. हाये म्हन्ते का नाही म्हन्ते?" बाबूनं कागद उलगडला. त्यावर एकच वाक्य होतं: आपण मागणी केलेला अभिलेख या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आढळून येत नाही. खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. मागणी होती १९४६ सालच्या कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतल्या, एका नोंदीची, आणि ती नोंद म्हणजे त्या म्हाताऱ्याचाच जन्म. नातीच्या जात पडताळणीला लागत होती. बाबूनं आपल्या परीनं सोपं करून सांगितलं, "सापडत नाही म्हन्ते बाबाजी." म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी तं इथं उभा आहो ना." आवाज चढला नव्हता. समोरच्याच्या नजरेतून काही सुटलं असेल तर दाखवून द्यावं, तसा तो बोलला. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं, आत कूलरच्या ओल्या ताट्यांचा आणि जुन्या कागदाचा वास एकमेकांत मिसळला होता.

त्याचा पहिलाच प्रश्न मनातून जात नाही. आहे की नाही?

'नाही' हा एक निकाल असतो. तो कळला की माणूस दुसरा रस्ता धरतो. 'आहे, पण पानं जीर्ण झाली' हाही निकालच. 'आढळून येत नाही' या वाक्यात मात्र शोधणारा माणूसच गायब आहे. कोणी पाहिलं, कोणत्या दिवशी पाहिलं, कोणत्या रॅकवरचा कितवा गठ्ठा सोडला, त्यात कोणत्या सालांची पुस्तकं निघाली आणि कोणतं नव्हतं, यातलं काहीच त्या वाक्याला सांगावं लागत नाही. पाऊस पडला, दिवस मावळला, तसं अभिलेख आढळला नाही. मराठीतल्या या कर्ता नसलेल्या क्रियापदाची सरकारी कागदाला फार जुनी सवय आहे, आणि त्या सवयीची किंमत पन्नी घेऊन उभा असलेला माणूस बसभाड्यात, बुडालेल्या मजुरीत आणि हुकलेल्या प्रवेशात चुकवतो.

कोतवाल बुकात नोंद शोधणं म्हणजे यादीत नाव पाहणं नव्हे. ज्यानं ती पुस्तकं उलटली आहेत त्याला हे ठाऊक असतं. गावात मूल जन्मलं, कोणी मेलं, की कोतवाल ते लक्षात ठेवायचा, लिहिता येणाऱ्या कोणाकडून पुस्तकात चढवून घ्यायचा आणि ठाण्यावर हजेरीला जाताना पुस्तक सोबत न्यायचा. बहुतेक पानांवर बाळाचं नावच नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. अमक्याला मुलगा झाला, अमक्याला मुलगी झाली, एवढंच. बापाचं नाव असतं, आडनाव असेलच असं नाही, जातीचा रकाना असतो, तारीख असते. मृत्यूच्या बाजूला ताप, हगवण, देवी असे शब्द ओळीनं लागतात. एखाद्या साथीच्या वर्षी पानंच्या पानं एकाच शब्दानं भरलेली दिसतात आणि बोट तिथे थांबतं. काही पुस्तकं बाळबोध आहेत, काही मोडीत. शाईही एकसारखी नाही. आता या पुस्तकात १९४६ सालचा माणूस शोधायचा तर अर्जात तारीख काय लिहिली जाते? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली. आणि ती तारीख फार वेळा १ जुलै असते, कारण बापाला दिवस आठवत नव्हता आणि गुरुजींना रकाना भरायचा होता. कारकून १ जुलैच्या आसपासची दोन पानं पाहतो, तिथे काही नसतं, आणि उत्तर तयार होतं. खरं तर अशा वेळी अख्खं वर्ष पाहायला हवं, शिवाय आधीचं एक आणि नंतरचं एक. नाव सोडून द्यावं, गाव, बापाचं नाव आणि जात या तिन्हींचा मेळ पाहावा. भावंडांच्या नोंदी हाती लागल्या तर त्यांच्या अंतरावरूनही अंदाज बांधता येतो. एका गावाची तीन वर्षं चाळायला सराव असलेल्या माणसाला एखादी दुपार पुरते. पण ती दुपार कोणाची, हेच ठरलेलं नसतं.

दुसरी गोष्ट गावाची. गाव जागचं हलत नाही, कचेरी हलते. वर्धा नदीच्या पूर्वेला मध्य प्रांताची मालगुजारी होती, म्हणजे सारा मालगुजार गोळा करायचा; पश्चिमेला वऱ्हाडची रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला भरायचा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तरी दोन्हीकडच्या दप्तरांची वळणं निराळीच राहिली. पूर्वेकडे जमिनीला खसरा नंबर, पश्चिमेकडे सर्वे नंबर. इकडे बंदोबस्ताची, म्हणजे जुन्या सारा-आकारणीची, मिसल, चराई-सरपणाच्या हक्कांचं निस्तार पत्रक, गावच्या वहिवाटींचं वाजिब-उल-अर्ज. तिकडे पाटील-पटवाऱ्यांची बुकं. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, मागोमाग १९५४-५५ चा अधिकार अभिलेख तयार झाला, आणि पूर्व विदर्भात आजही जुना कागद म्हटलं की लोक त्याच पंजीचं नाव घेतात. १९५६ मध्ये हा सगळा पसारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेनंतर एक ते एकवीस गाव नमुन्यांच्या साच्यात बसवला गेला. इतकी स्थित्यंतरं झाली तरी त्या-त्या वेळच्या माणसांनी बरंचसं सांभाळलं, हे मान्य करायलाच हवं. गोंधळ झाला तो त्यानंतरच्या वाटणीत. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली निघाला, १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया. तालुकेही फुटले. प्रत्येक फाळणीच्या वेळी जुन्या मुख्यालयातले त्या-त्या गावांचे गठ्ठे मोजून, यादीवर दोन्हीकडच्या सह्या घेऊन, नव्या मुख्यालयात जायला हवेत. नव्या कचेरीची इमारत भाड्याची असते, रॅक आलेले नसतात, म्हणून चालू दप्तर तेवढं आधी जातं आणि जुनं 'मागाहून' जायचं ठरतं. त्या मागाहूनचं काय होतं ते जुन्या ठिकाणच्या रेकॉर्ड रूममध्ये भिंतीकडच्या रांगेत दिसतं. नातू नव्या तालुक्यात अर्ज करतो, आजोबाचं पुस्तक जुन्या तालुक्यात असतं, आणि दोन्ही कचेऱ्या आपापल्या जागी खरं बोलत असतात.

गावाच्या नावाचाही घोळ असतो. खुर्द आणि बुद्रुक, एकाच नावाच्या दोन मौजा, उठून गेलेल्या रिठी. म्हणून जुने लोक मौजाच्या नावासोबत बंदोबस्त नंबर आणि पटवारी हलका नंबर, म्हणजे पटवाऱ्याच्या हद्दीचा नंबर, विचारायचे. जुने बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, लावलेले असतात त्या नंबरांनी, आणि आजचा अर्जदार येतो आजचं नाव घेऊन. जुन्या नंबरांवरून आजच्या गावांपर्यंत नेणारी चार पानांची यादी ज्या कचेरीत भिंतीला लावलेली आहे तिथे काम दहा मिनिटांत होतं. जिथे नाही तिथे ती यादी एखाद्या शिपायाच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की गठ्ठे तिथेच राहतात आणि रेकॉर्ड जातं.

रेकॉर्ड हरवतं ते बहुधा आगीत नव्हे. आग लागली तर निदान पंचनामा होतो. हरवतं ते चार्ज देण्याघेण्याच्या दिवशी. पटवाऱ्याची बदली झाली की त्यानं येणाऱ्याला एकेक नोंदवही, तिचा कालावधी आणि पानांची संख्या लिहून द्यायची असते: गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची वही, अमुक सालापासून तमुक सालापर्यंत, पानं इतकी, त्यातली फाटलेली इतकी. अशी यादी करायला दोन-तीन दिवस लागतात. येणाऱ्याला रुजू होण्याची घाई, जाणाऱ्याला सुटण्याची. मग यादीत 'जुने गठ्ठे एकूण ४२' एवढीच ओळ पडते आणि दोघं सही करतात. पुढच्या बदलीला ते ४१ होतात. कोणता गेला हे कोणालाच सांगता येत नाही, कारण कोणता होता हेच लिहिलेलं नव्हतं. रेकॉर्ड रूममध्येही हेच घडतं, जरा मोठ्या मापानं. अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, क-१ दहा वर्षं, क पाच, ड एक वर्ष; हे वर्गीकरण प्रकरण बंद करताना, संकलनातच, म्हणजे ज्या टेबलावर ते चाललं तिथेच, त्या माणसानं करायचं असतं ज्याला त्यातला विषय कळतो. तसं न होता प्रकरणं एकगठ्ठा खाली पाठवली जातात. मग जागा अपुरी पडते, निर्लेखनाची, म्हणजे जुना कागद काढून टाकण्याची, मोहीम निघते, आणि ज्याच्यावर वर्गच लिहिलेला नाही असा कागद पाहणाऱ्याच्या अंदाजावर जगतो किंवा मरतो. रजेच्या अर्जांच्या ढिगात फेरफाराची मूळ वर्दी, म्हणजे लेखी खबर, गेली तर ती कोणत्याही नोंदवहीत 'नष्ट' म्हणून दिसत नाही.

आणि मग विदर्भाची हवा. कागद जपायला २२ ते २५ अंश तापमान आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी असं अभिलेखागाराचं शास्त्र सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली पंचेचाळीसच्या वर तापते, कागद पापडासारखा होतो, घडीवर बोट ठेवलं की तुकडा निघतो. महिन्याभरात पाऊस लागतो आणि तोच कागद ओल पिऊन फुगतो. वर्षाकाठी हा एक हेलकावा, सत्तर वर्षं. टाचणी गंजते आणि आपल्याभोवती तपकिरी भोक पाडते. जुनी लोहयुक्त शाई आपल्याच रेषेवरून कागद खाते, अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची फट उरते. उधई, म्हणजे वाळवी, भिंतीतून येते, म्हणून रॅक भिंतीपासून निदान पंधरा सेंटिमीटर दूर आणि जमिनीपासूनही तेवढा वर हवा. जागा वाचवायला तो भिंतीला चिकटवला जातो आणि सर्वांत खालचा, म्हणजे सर्वांत जुना, बस्ता आधी पोकळ होतो. बाहेरून कापड धड दिसतं, उचलला की हलका लागतो. तो हलकेपणा हाताला कळतो तेव्हा पोटात खड्डा पडतो.

सगळ्यांत वाईट वाटतं ते चांगल्या हेतूनं केलेल्या दुरुस्तीचं. फाटलेल्या पानाला कोणीतरी काळजीनं सेलोटेप लावलेला असतो. काही वर्षांत पट्टी सुकून गळते, डिंक मात्र कागदात मुरून पिवळा-तपकिरी होतो आणि खालची अक्षरं घेऊन बसतो. नेमकी तीच अक्षरं, जी वाचवायची होती. गरम लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते परत काढता येत नाही. पातळ जपानी टिश्यू आणि स्टार्चची खळ हा साधा उपाय आहे. पाण्यानं सुटतो, अक्षर झाकत नाही. तेवढंही जमत नसेल तर फाटलेलं पान तसंच स्वच्छ कागदाच्या पाकिटात ठेवावं आणि पाकिटावर पानाचा नंबर लिहावा. टाचणी काढावी, बस्त्याला सुती कापड घालावं, गाठ फार आवळू नये. याला निधी लागत नाही. कोणाचं तरी हे काम आहे, एवढं लागतं.

स्कॅनिंग झालं की सगळं सुटलं, असं आता मानलं जातं. अकोला आणि अमरावती हे जुने अभिलेख ऑनलाइन देणाऱ्या पहिल्या जिल्ह्यांपैकी होते, आणि घरबसल्या आजोबाच्या नावाचा फेरफार उघडतो तेव्हा होणारा आनंद खोटा नाही. पण स्कॅनिंगच्याही आपल्या वाटा आहेत हरवण्याच्या. चिकटलेली दोन पानं एक म्हणून निघतात. शिवणीकडचा समास कापला जातो, आणि शेरा नेमका तिथेच असतो. मागची बाजू कोरी समजून सोडली जाते. पूर्वी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबारावर नोंद पेन्सिलीनं धरायचे आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावर शाईनं पक्की करायचे. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ती पेन्सिल उडून जाते, आणि वाद बरेचदा त्या पेन्सिलीवरच उभा असतो. रंगीत किंवा करड्या छटांत, ३०० डीपीआयला घेतलं तर ती टिकते. याहून मोठी चूक स्कॅनची सूची टंकताना होते. मौजाचं नाव चुकलं, साल एकानं मागेपुढे झालं, की प्रतिमा सर्व्हरवर सुखरूप असते आणि कुणालाच कधी सापडत नाही. गठ्ठ्यात चुकलेला कागद निदान कोणीतरी चाळताना हाती लागायचा.

एका शब्दावर काय काय अवलंबून असतं हे पूर्व विदर्भाला वेगळं सांगायला नको. जुन्या मध्य प्रांताच्या दप्तरात मुरमाड, काटेरी, गुरं चारायच्या जमिनीपुढे 'झुडपी जंगल' असं लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यानं डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही वनच धरायचा १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि 'जंगल' या अर्ध्या शब्दापाशी शाळा, वस्त्या, दवाखाने, स्मशानं अडली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टरांचा तो प्रश्न २२ मे २०२५ च्या निकालापर्यंत चालला. या जमिनी वनच, पण १९९६ च्या आधीच्या वाटपांसाठी केंद्राची मंजुरी घेण्याचा मार्ग मोकळा, असं न्यायालयानं ठरवलं. आता कोणाचं घर त्या तारखेच्या अलीकडचं आणि कोणाचं पलीकडचं, याचं उत्तर पुन्हा त्याच बस्त्यांत आहे. ज्याचा वाटपाचा आदेश आढळून येणार नाही, त्यानं काय करायचं?

म्हाताऱ्याचं 'मी तं इथं उभा आहो ना' इथे आठवतं. वनहक्काच्या नियमांत, तेराव्या नियमात, गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून धरलं आहे. म्हातारं माणूस म्हणजे एक दस्त आहे, हे कायद्यानं तिथे मान्य केलं. जात पडताळणीत सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो आणि वजन जुन्या कागदाला. अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या, इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या. त्यामागची कारणं खरी आहेत, खोट्या दाखल्यांनी खऱ्या माणसांच्या जागा खाल्ल्या आहेत. म्हणूनच कागद सांभाळण्याची जबाबदारी ज्यानं घेतली, त्याच्यावरही तेवढाच भार हवा. पुरावा मागणारं सरकार आणि पुरावा सांभाळणारं सरकार एकच आहे, आणि पुरावा हरवला तर शिक्षा मात्र एका मुलीला.

कायदा नाही असं नाही. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ नं २००५ पासूनच प्रत्येक कचेरीला अभिलेखांची सूची करून ठेवायला सांगितलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही २००५ चा. बेकायदा अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण सर्वांत उपयोगी बदल फार लहान असेल: 'आढळून येत नाही' हे वाक्य पूर्ण लिहायचं. मौजा अमुक, बंदोबस्त नंबर अमुक, रॅक इतका, बस्ता इतका, अमुक तारखेला अमुक नावाच्या कर्मचाऱ्यानं पाहिला. १९४३ ते ४५ आणि १९४८ ची पुस्तकं मिळाली, १९४६ आणि ४७ ची नाहीत. नष्ट केल्याच्या नोंदवहीत त्यांची नोंद नाही. हे गाव अमुक सालापर्यंत अमुक तालुक्यात होतं, तिथे शोध घ्यावा. याच कुटुंबाचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख उपलब्ध आहे, त्यात जातीचा उल्लेख आहे, नक्कल सोबत जोडली आहे. पाच-सहा ओळी होतात. तितक्या लिहायच्या तर आधी खरोखर शोधावं लागतं. ज्याला असं उत्तर मिळालं नाही त्यानं माहितीच्या अधिकारात अवलोकन, म्हणजे बस्ते स्वतः पाहायला, मागावं, सूची आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही मागावी, आणि सोबत जुनी लिपी वाचणारं कोणी न्यावं. पहिला तास फुकट असतो. तेवढ्यात निदान बस्ता हलका आहे की भरलेला, हे कळतं.

व्हरांड्यात त्या दिवशी बाकावर एक निवृत्त पटवारी बसलेले होते, स्वतःच्याच कसल्याशा कामाला आलेले. त्यांनी म्हाताऱ्याला जवळ बोलावलं. "गाव कोन्तं म्हनलं तुमचं?" म्हाताऱ्यानं सांगितलं. "बुडाखालचं का टेकडीवरचं?" "टेकडीवरचं." "मंग ते इथं कुठून भेटन बाबाजी? ते तालुका फुटाच्या आधी तिकडं होतं." त्यांनी कागद मागून घेतला, उलटा केला, मांडीवर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: मौजाचं नाव, जुना हलका नंबर, जुना तालुका, आणि खाली, '१९४५ ते ४७ तिन्ही साल पाहणे. बापाच्या नावानं पाहणे.' म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ती ओळ बोटानं एकदा चाचपून पाहिली. मग शिक्क्याची बाजू आत आणि लिहिलेली बाजू बाहेर अशी घडी घातली, कागद पन्नीत ठेवला, आणि विचारलं, तिकडची एसटी कितीची आहे.